भट्टीची मानलेली आई

पहाटेचं स्वयंपाकघर चिडीचूप होतं, आणि त्यात टेबलाखालून आवाज आला. कर्र. पुन्हा कर्र. वाळलेलं पान मुठीत चुरडावं तसा. वाकून पाहिलं तर नाइरा फरशीवर बसून कथलाची बोटभर कांडी वाकवत होती. आजोबांनी दिलेली.

"आई, ही रडते."

"शुद्ध आहे म्हणून रडते," माझे बाबा शेगडीवर जांभळ्या मक्याचं गरम पेय, आपी, ढवळत म्हणाले. "भेसळीचं कथील मुकं असतं. तुझ्या आईला मोजायला यंत्र लागतं, मला कान पुरतात."

"तुमच्या कानाचा दाखला राजधानीत, ला पाझला चालत नाही, बाबा."

"चालायला हवा. यंत्रापेक्षा जुना आहे."

मी हसले. नाइराला मफलर गुंडाळताना तिची गरम मान हाताला लागली आणि वाटलं, आजचा दिवस हिला आठवेल का? आठवला तर कसा आठवेल?

बाबा आमच्या सरकारी कथील कारखान्यात एकतीस वर्षं भट्टीवर आहेत, आणि मी तिथल्याच प्रयोगशाळेत. दोन वर्षांपूर्वी जुनी भट्टी फुटली आणि निम्मी माणसं घरी बसली. माझा नवरा रेम्बेर्तो तेव्हाच चिलीत इकीकेच्या बंदरावर ओझी उचलायला गेला. आज नवी भट्टी पहिल्यांदा धातू ओतणार होती, तीनदा. तिन्ही ओतांचं कथील नव्याण्णव पूर्णांक नव्वद टक्के किंवा त्याहून शुद्ध निघालं, तर कारखाना देशाचाच राहणार होता, शिवाय नवी पद्धत येणार होती. कारखान्याचा साहेब परीक्षा घेऊन नेमायचा, सरकार बदललं म्हणून हाकलायचा नाही. नऊ वर्षांत आम्ही सात साहेब पाहिले होते, त्यातला एक दातांचा डॉक्टर. कमी निघालं, तर सोमवारी लिमाची कंपनी कारखाना घेणार, भट्टी विझवणार आणि खनिज पेरूला नेणार. रेम्बेर्तोची परतीची बस त्या एका दशांशावर उभी होती.

कारखान्याच्या अंगणात सगळी वस्ती लोटली होती. बँडवाले आपापले भोंगे फुंकून ऊब आणत होते. आमच्याकडे नवी टॅक्सी असो की नवं छप्पर, त्याला मानलेले आईबाप लागतातच. ते चार कोपऱ्यांवर दारू शिंपडतात, रंगीत कागद उधळतात, आणि मगच ती वस्तू कामाला लागते. भट्टीची मानलेली आई व्हायची होती बाजारातली पिठाची व्यापारीण. तिचा गुडघा धरला आणि ती आलीच नाही.

"आता?" मी विचारलं.

बाबांनी अंगणभर नजर फिरवली. मंत्रालयाने तपासणीसाठी पाठवलेली इंजिनियर बाई, ग्रासिएला, एकटीच खांबापाशी उभी होती. पातळ कोट, हातात फाईल, उंचीवरच्या हवेने ओठ निळे. बाबांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे मला लहानपणापासून घाबरवतं.

"बाबा, नको."

तोवर ते पोचलेसुद्धा. "बाई, आमच्या लेकीला आई नाहीये. तुम्ही व्हाल?"

"कोणाची?" ती गोंधळली.

"या हिची." त्यांनी भट्टी दाखवली.

दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्यावर नाही कोण म्हणणार? तिने बिअर शिंपडली, चारही कोपऱ्यांवर. कोणी तिच्या डोक्यावर कागदाचे ठिपके ओतले, कोणी गळ्यात रंगीत पट्ट्या घातल्या. बायका मिठ्या मारून तिला 'कोमाद्रे, कोमाद्रे' म्हणू लागल्या, म्हणजे आता आपली सोयरीक झाली. ती हसत होती, खरं खरं हसत होती. मीही हसत होते. बँड सुरू झाला, बाबांनी भट्टीच्या तोंडात पहार घातली आणि पहिला ओत निघाला. पांढरा नाही, चंदेरी नाही, मला त्याचा रंग कधीच सांगता आलेला नाही. नाइरा माझ्या कडेवर होती. तिने श्वासच रोखला. ओत साच्यात थंड झाला तशी बायकांनी त्याच्यावरही बिअर शिंपडून कागद उधळले.

तिसरा ओत साच्यात थंड होत असताना लिमाच्या कंपनीचा ओस्वाल्दो पुढे आला. व्यवस्थित माणूस, भांग पाडलेला, सकाळपासून सगळ्यांशी नम्र.

"इंजिनियर, एक शंका," तो म्हणाला. "अहवालावर सही तुमचीच ना? नियम आहे, तपासणाऱ्याचं त्या संस्थेत कुठलंही नातं नको. रक्ताचं, लग्नाचं, किंवा…" त्याने तिच्या गळ्यातल्या पट्टीकडे पाहिलं, "मानलेलं."

बँड थांबला नव्हता, पण मला तो ऐकू येईनासा झाला. ग्रासिएलाने पट्ट्या काढल्या. केसांतले ठिपके काही निघेनात.

"तो बरोबर बोलतोय," ती माझ्याकडे बघत हळूच म्हणाली. "मी सही केली तर कागद कोर्टात टिकणार नाही. दुसरा तपासनीस यायला महिना लागेल."

"आणि सोमवार?"

तिने फाईल मिटली.

बाबा टोपी हातात घेऊन उभे होते. एकतीस वर्षांत त्यांना मी असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. "पोरी, मी आपलं…" एवढंच म्हणाले. त्यांच्यावर ओरडावं असं आतून आलं आणि तिथेच विरलं. आईविना भट्टी पेटवायची नाही, हे त्यांना त्यांच्या बापाने शिकवलेलं. आणि मला त्यांनी.

माझं लक्ष ओस्वाल्दोच्या जीपकडे गेलं. मागच्या सीटवर पिवळी पेटी. आमच्या खनिजाची किंमत ठरवायला त्याने धातूची शुद्धता मोजायचं आपलं यंत्र आणलं होतं.

"साहेब," मी म्हणाले, "तुमचं इथे कोणाशी नातं?"

"माझं? कोणाशीच नाही."

"आमचं कथील चांगलं निघालं तर तुमचा फायदा?"

"उलट तोटाच."

"मग तुम्हीच मोजा. तुमचं यंत्र, तुमचा हात. बाई फक्त आकडे जोडतील. तुमच्यापेक्षा निःपक्षपाती माणूस आम्हाला शोधूनही मिळणार नाही."

मागून कोणी बाई म्हणाली, "का, यंत्र फक्त पेरूच्या बाजूने चालतं का?" हशा झाला. ओस्वाल्दोचे कान लाल झाले. ग्रासिएला म्हणाली, "हे नियमात बसतं. विरुद्ध पक्षाची मोजणी जोडता येते, मग माझ्या सहीवर अडत नाही."

त्याने पेटी उघडली. मी तिन्ही ओतांचे तुकडे त्याच्यापुढे ठेवले. यंत्र पहिल्या तुकड्याला टेकलं, गुणगुणलं. आकडा आला: नव्याण्णव पूर्णांक सत्तर.

माझ्या खांद्यावर नाइराचं डोकं जड झालं. मी तो तुकडा उचलला, उन्हात धरला. कडेला गुलाबी डाग होता. बिअर आणि भिजलेल्या कागदाचा रंग.

"हे यंत्र वरचा थरच वाचतं ना?" मी विचारलं. "तुमच्याकडे कानस असेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. नाही म्हणाला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पण तो धातूतला माणूस होता. त्याने स्वतःच कानस काढली, तुकडा घासला, फुंकर मारली, पुन्हा यंत्र टेकवलं.

"त्र्याण्णव," तो म्हणाला. मग नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "नव्याण्णव पूर्णांक त्र्याण्णव."

दुसरा एक्क्याण्णव. तिसरा चौऱ्याण्णव. त्याने आकड्यांखाली सही केली, आणि जाता जाता तो तिसरा तुकडा कानाशी नेऊन वाकवला. कर्र.

"रडतं की," तो बाबांना म्हणाला.

"मी सकाळीच सांगितलं होतं," बाबा म्हणाले, आणि तोंड फिरवून टोपीने डोळे पुसले.

त्यानंतरचं मला तुकड्यांतच आठवतं. ग्रासिएलाने पट्ट्या पुन्हा गळ्यात घातल्या. बँडमधला तुबावाला बाबांना उचलू पाहत होता. मी फाटकाबाहेर जाऊन रेम्बेर्तोला फोन लावला. तो म्हणाला, "शुक्रवारी बस असते."

घरी येताना नाइरा माझं बोट धरून उड्या मारत होती. केसभर रंगीत ठिपके, खिशात कथलाची कांडी.

"आई, ती बाई भट्टीची मानलेली आई ना? मग खरी आई कोण?"

"तशी भट्टी सगळ्यांचीच लेक आहे. तुझी, माझी, आजोबांची, ला पाझच्या लोकांची. सगळ्या देशाची."

ती थांबली. तिला ताप आला की मी तिच्याकडे ज्या नजरेने बघते, तसं तिने वळून धुरांड्याकडे पाहिलं.

"सगळ्यांची आहे, तर मग ती आजारी पडली की रात्री तिच्यासाठी उठतं कोण?"