मान वळवणारी बाहुली

"दार लावून घे गं, बाळ झोपलंय."

आई एवढंच म्हणाली होती. आवाज मऊ होता, घाईचा नव्हता. दुधावरची साय बोटानं अलगद बाजूला सारावी तसा. ताईला आईचा चेहरा आता पुसट आठवायचा, हात थोडेफार आठवायचे, पण हा आवाज मात्र कालच कुणी कानात ठेवून गेल्यासारखा ताजा होता. त्या दुपारी ती फ्रॉकच्या वयाची होती आणि धाकटा पाळण्यात. आता धाकट्याला दाढी आली होती, आणि दोघं भावंडं घराच्या पुढच्या खोलीत बसून ॲनिमेशन करायची. साबणाच्या जाहिरातीतले बुडबुडे, मुलांच्या धड्यातली बेडकं, दात घासणारं अस्वल. त्यावर घर चालायचं, आणि बरं चालायचं.

उरल्या वेळात धाकटा स्वतःची फिल्म करत होता. गोष्ट एवढीशी: दुपारी एक आई खांद्यावर शाल टाकते, पिशवी उचलते, बाजाराला जाते आणि संध्याकाळी परत येते. संपलं. त्याला आई परत आलेली बघायची होती. जिला कधी डोळे भरून पाहिलंच नाही, तिच्याकडे माणूस दुसरं मागणार तरी काय?

कामाची त्यांची रीत ठरलेली होती. ताई आधी सोंग वठवायची, धाकटा ते फोनवर टिपायचा, आणि तिच्या चालीवरून संगणकातल्या बाहुलीच्या मुख्य ठेवणी बसवायचा. पाय इथं, हात तिथं. दोन ठेवणींच्या मधलं चालणं संगणक आपल्या हिशेबानं भरायचा. अस्वलासाठी ताईनं खोलीभर लोळण घेतली होती, तेव्हा शेजारीण डॉक्टरला बोलवायला निघाली होती. आईसाठी मात्र ताई एकदाच चालली. पुन्हा एकदा कर म्हटल्यावर, हे एकदाच जमतं, असं म्हणून पाणी प्यायला आत गेली, ती बराच वेळ आतच राहिली.

बाहुलीच्या अंगावर शाल आली आणि गडबड सुरू झाली. शालीच्या घडीघडीचा हिशेब करताना जुना संगणक धापा टाकायचा. बाहुली उंबरठ्यापर्यंत नीट जायची आणि तिथं अडकायची. धाकटा म्हणाला, प्रोसेसर म्हातारा झालाय, मधली चित्रं गाळतोय. ताई म्हणाली, असेल. पण ती त्याच्या पाठीमागं उभी राहून बघत होती. बाहुली अडकत नव्हती, थांबत होती. आणि थांबून मान वळवत होती.

आधी एवढीशी, कुणी हाक मारल्याचा भास व्हावा तेवढीच. मग रोज तसूतसूनं जास्त. धाकटा बाहेर गेला की ताई भर दुपारी पडदे ओढून ते चालणं पुन्हा पुन्हा लावायची. मानेला कुणी ठेवण दिलेली नव्हती. तिनं शोधून पाहिलं होतं. तरी ते राखाडी, अजून डोळेही न रंगवलेलं तोंड घराच्या आत वळायचं, उजव्या कोपऱ्याकडे. त्या कोपऱ्यात धाकट्यानं काहीच मांडलं नव्हतं, कारण तिथं काय होतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. तिथं पाळणा होता.

धाकट्याला लहानपणापासून सांगितलेलं असं, की आईला ताप चढला आणि बघता बघता ती गेली. ही गोष्ट आत्यानं विणली, सगळ्या घरावर पांघरली, आणि ताईला बजावलं की पोराच्या मनात काटा नको. आत्या वारली. काटा ताईपाशी राहिला. आई तापानं गेली नव्हती, पायानं गेली होती. रस्त्याच्या वळणापर्यंत ताई खिडकीतून बघत होती, आणि आईनं एकदाही मागं पाहिलं नव्हतं.

जाणाऱ्याला रस्ता असतो, राहणाऱ्याला उंबरठा. इतक्या वर्षांनी त्या उंबरठ्यावर कुणीतरी थांबत होतं. ताई पडद्याजवळ तोंड नेऊन लहान मुलीसारखी गुणगुणायची:

थांब रे पावला, थांब दारात,
राहिलंय काही तुझं घरात.

आणि बाहुली थांबायची.

म्हणून नवा संगणक घ्यायचं ठरलं तेव्हा ताईनं जुनाच बरा आहे म्हणून पाहिलं. दोन्ही चांगलं घेणं परवडणारं नव्हतं. चांगला प्रोसेसर घ्यायचा तर ग्राफिक्स कार्ड साधं, दांडगं कार्ड घ्यायचं तर प्रोसेसर बेताचा. धाकट्याला प्रोसेसर हवा होता, म्हणजे ते उंबरठ्याचं अडकणं एकदाचं जाईल. ताईनं कार्डाचा हट्ट धरला. उजेड छान पडेल म्हणाली, कातडी खरी वाटेल म्हणाली.

"कार्ड फार तापतं म्हणून त्याला शेकोटी कोण म्हणायचं?" धाकट्यानं तिला छेडलं. "आज बरी थंडी वाजायला लागली तुला."

दुकानदाराला सगळे मास्तर म्हणत, कारण धडा दिल्याशिवाय तो वस्तू विकत नसे. त्यानं टेबलावरचे स्क्रू आणि तारांची भेंडोळी हातानं बाजूला लोटली, दोन संगणक शेजारी शेजारी मांडले आणि सुरुवात केली. प्रोसेसर म्हणजे बाहुलीचे दोरे ओढणारा हात, कार्ड म्हणजे तिच्यावर दिवा धरणारा. हात लुळा असेल तर दिवा कितीही मोठा लावा, लुळेपणच उजळून निघेल. धाकट्यानं ताईकडे पाहून भुवया उडवल्या.

बरोबर आणलेली फिल्म आधी चांगल्या प्रोसेसरवर लावली. राखाडी बाहुलीनं शाल घेतली, पिशवी उचलली. शाल पाण्यासारखी वाहिली. उंबरठा आला आणि गेला. बाहुली बाहेर पडली आणि दार रिकामं राहिलं. धाकटा हसला. ताई त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिली. अशीच, अगदी अशीच गेली होती आई.

मग मास्तरनं तीच फिल्म दांडग्या कार्डावर लावली. पंखे घुमू लागले. बाहुलीवर पहिल्यांदाच दुपारचं ऊन पडलं. राखाडी मातीला कातडी आली, केसांना चमक आली. ती उंबरठ्याशी आली आणि थांबली. मान वळली. आता ती तसूभर नव्हती, पुरती वळली होती.

"वा," मास्तर चष्मा पुसत म्हणाला, "मान झकास वळवलीत. कुणाकडे बघतेय बाई?"

"मान मी वळवलेलीच नाही," धाकटा म्हणाला.

त्यानं मानेच्या ठेवणी उघडल्या. कोरं होतं. पुन्हा लावलं. या खेपेला ती जास्त वेळ उभी राहिली. त्यानं थांबवायची कळ दाबली. खालचा चित्रांचा आकडा थांबला. शालीचं टोक हलत राहिलं.

मास्तर पुटपुटला की कार्ड नवीन आहे, रुळेल, आणि काहीतरी आणायला आतल्या खोलीत गेला. जाताना त्यानं दिवा लावला. बाहेर लख्ख ऊन असताना.

न रंगवलेल्या डोळ्यांची ती नजर कोपऱ्यावरून हळूच निघाली. भिंतीवरून सरकत ती पुढं आली आणि धाकट्यावर टेकली. धाकटा पुढं झुकला होता, ओठ जरासे उघडे, उचलून घ्यावं म्हणून मूल वर बघतं तसा. ताईनं ते पाहिलं आणि तिला आपल्या दुपारी आठवल्या. ओढलेले पडदे, थंड झालेला चहा, उठू न देणारी खुर्ची. हे यंत्र घरी गेलं तर हाही तिथंच बसणार होता, आणि ती त्याच्या शेजारी. हवं तेवढं बघेल ती बाहुली दोघांकडे. रोज. जन्मभर. ताईला मोह झाला, खोटं कशाला बोलायचं.

पण आई मागं वळली नव्हती. हे जगात फक्त ताईला माहीत होतं. मग ही वळणारी कोण?

"ताई," धाकटा पडद्यावरची नजर न काढता हळूच म्हणाला, "त्या कोपऱ्यात काय होतं?"

काही नाही, हे शब्द जिभेवर तयारच होते. वर्षानुवर्षं तेच होते. ताईनं हात लांब करून त्या संगणकाची वायर भिंतीतून उपटली. पंखे थांबायला फार वेळ लागला. धाकटा तिच्याकडे वळेपर्यंत ती थांबली, आणि मग म्हणाली,

"पहिला संगणक घे. हिला घरी न्यायचं नाही. त्या कोपऱ्यात तुझा पाळणा होता रे. आईला ताप आलाच नव्हता. ती तुला झोपवून, आपल्या पायांनी चालत निघून गेली, आणि तिनं मागं वळून पाहिलं नाही."