चपलेच्या वर

शाळेच्या नाटकात माझं काम काय, तर बूट! पप्पा मोची आहेत ना, मग नटांचे जोडे सांभाळायला माझ्याइतकं लायक कोण? मला हवा होता दूताचा रोल. चारच वाक्यं, पण ती मला झोपेतसुद्धा पाठ होती.

तालमीत राजाला मुलगा मेल्याची बातमी कळते. आमचा राजा असा रडला, जणू त्याचा डबा सांडलाय. मी म्हटलं, "सर, हे ऐकल्यावर तो आधी गप्प नाही का होणार?"

सर हसले. "अल्ट्राक्रेपिडेरियन!" सगळे खिदळले, अर्थ एकालाही माहीत नसताना. "हा शब्द कुठून आला ते शोधून आण. मग दूत तूच."

मी उडालेच! थेट लायब्ररी गाठली, जाडजूड डिक्शनऱ्या उपसल्या, ग्रंथपालबाईंचं डोकं खाल्लं, आणि सापडलं. अर्थ: कळत नाही त्यातही तोंड घालणारा. मूळ लॅटिन: चपलेच्या पलीकडे. एका मोच्याने म्हणे ग्रीक चित्रकाराला चित्रातल्या चपलेची चूक दाखवली. त्याने ती सुधारली. मोच्याला चेव आला, तो पोटरीबद्दलही बोलला. चित्रकार म्हणाला, चपलेच्या वर जाऊ नकोस. पुढे दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज लेखकाने हा शब्द एका संपादकाच्या तोंडावर मारला. तो संपादक पोरवयात मोच्याच्या हाताखाली राबलेला.

माझे कान तापले. सरांनी शब्द उगाच निवडला नव्हता.

पप्पांना दुकानात जाऊन सांगितलं. टाच ठोकता ठोकता ते म्हणाले, "बरोबरच बोलला की चित्रकार. उद्या सरांची माफी माग."

"पप्पा, सर हे तुम्हाला बोललेत!"

"मला रोज कोणी ना कोणी बोलतंच, बाळा."

सरांपेक्षा मला पप्पांचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी तालमीत मी अख्खी गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली, सरांच्या डोळ्याला डोळा भिडवून. 'मोची' मुद्दाम जोरात म्हटलं. वाटलं, आता यांची मान खाली जाणार.

सरांनी टाळ्या वाजवल्या. "वा! रोल तुझा." मग मुलांकडे वळून, "बघा, मोच्याची पोरगी असून!"

मी 'नको' म्हणणार होते. शप्पथ. पण त्यांनी दूताचा अंगरखा समोर धरला, आणि माझे हात आपोआप बाह्यांत गेले.

"छान बसतोय. आणि बुटांचंही तेवढं बघशीलच."

"हो, सर," मी म्हटलं, आणि राजाची लेस बांधायला खाली वाकले.