मी मजेत आहे

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या एका विद्यापीठातल्या विद्यार्थी मदत केंद्रात टॅम्सिनचा नंबर लागला. ती खुर्चीत टेकते न टेकते तोच समुपदेशक हिल्डाबाईंनी विचारलं, "कशी आहेस?"

"मजेत! तुम्ही?" तोंडातून निघूनच गेलं. मेली इंग्रजांची सवय! माणूस बुडत असला तरी काठावरच्याला आधी 'मजेत' म्हणून सांगणार. महिनाभर उशीत तोंड खुपसून रडलेली ही पोरगी ओशाळून उठलीच.

"जाते मी. बाहेर बसलेल्यांना जास्त गरज असेल."

"आत आलं की तेही हेच म्हणतात," म्हणत हिल्डाबाईंनी चहाची किटली लावली. "बस, बाळा. साखर किती घालू?"

इथेही 'नको, नको' ओठांवर आलंच होतं.

"भरपूर घाला," टॅम्सिन म्हणाली आणि मटकन बसली. "आणि मी अजिबात मजेत नाहीये."

कित्येक दिवसांनी तिला हसू फुटलं.