पेटीबाहेरचं बोलणं

शनिवारी संध्याकाळी चर्चमधल्या कन्फेशनच्या, म्हणजे पापकबुलीच्या, पेटीत जाळीपलीकडून पेपरमिंटचा वास आला, की फादर ओळखायचे. गोडबोल्या आला! शेजारच्या वृद्धाश्रमातला हा पन्नाशीचा वॉर्डबॉय. आज्यांना ‘माझी राणी’ म्हणत भरवायचा, म्हणून सगळ्यांनी हे नाव ठेवलेलं.

तीन शनिवारांपूर्वी त्याने जाळीला ओठ टेकवून सांगितलं होतं, की दुपारी टीव्हीवर निवांत मॅच बघता यावी म्हणून तो आज्यांच्या दुधात झोपेच्या गोळ्या कुटून घालतो. त्यांतली एक आजी गुंगीत असताना सूप भरवलं, ते श्वासात गेलं आणि ती घुसमटून मेली. डॉक्टरांनी कागदावर म्हातारपण लिहिलं.

“आता तेवढी क्षमा देऊन टाका, म्हणजे मी मोकळा.” किराण्याच्या दुकानात उभं राहून साबण मागावा तसा त्याचा सूर होता.

“आधी गोळ्या बंद कर आणि पोलिसांत जा. मग क्षमेचं बोलू.”

“बघू की,” म्हणत तो उठला. पुढच्या शनिवारी पुन्हा हजर, आणि गोळ्या चालूच! पश्चात्ताप कसला डोंबलाचा? नुसती चूळ भरून टाकायला यायचा मेला, आणि बेसिन कोण, तर फादर.

पेटीत ऐकलेलं बाहेर काढायचं नाही. शब्दाने नाही, खुणेने नाही, भुवई उडवूनसुद्धा नाही. तीस वर्षं फादरांना या नियमाचा अभिमान होता. आता आरशात तोंड बघायची शिसारी येऊ लागली, कारण आश्रमात खिडकीकडच्या कॉटवर त्यांच्या स्वयंपाकीणबाईंची आई होती.

“आई हल्ली दुपारची काय गाढ झोपते, फादर!” बाई वाढता वाढता सांगायच्या. “पूर्वी डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्या दादांच्या हाताला गुण आहे हो.”

‘आईला आजच घरी न्या,’ एवढं चार शब्दांचं वाक्य. पण तेही पेटीतलंच. फादर ते घासाबरोबर गिळायचे.

दर सोमवारी सकाळी गोडबोल्या फादरांचं बीपी तपासायला यायचा. त्या सोमवारीही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने पट्टा बांधला, फुगवला आणि आकडा बघून हसला. बाई ओट्याशी पाठमोऱ्या कांदा चिरत होत्या.

“एवढं वाढलंय? माझ्यापायी झोप उडाली वाटतं!” पट्ट्यातली हवा सोडत तो पुढे म्हणाला, “अहो, माझ्या दोन गोळ्या दुधातून घेऊन बघा. आमच्या आज्या कशा, दुपारी ओळीने आडव्या. एक जरा कायमची आडवी झाली, पण तुम्ही थोडेच बोलणार? तुमच्या तोंडाला कुलूप.”

सुरीचा आवाज थांबला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा. त्याला वाटत होतं, एकदा पेटीत सांगितलं, की फादरांचं तोंड जन्मभर बंद. पण कुलूप पेटीतल्या शब्दांना होतं. बाहेर, कांद्याच्या वासात मारलेली फुशारकी सांगायला फादर मोकळे होते. त्यांनी पट्टा ओरबाडून काढला आणि फोन उचलला.

“पोलीस स्टेशन? आत्ता माझ्या स्वयंपाकघरात एका माणसाने जे सांगितलं, ते सांगायचंय.”

“फादर, हे कन्फेशन होतं!” गोडबोल्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“नाही. तू बढाई मारत होतास.”

तो मशीन तिथेच टाकून पळाला. फादरांनी टेबलाशी ऐकलेलं शब्दन् शब्द फोनवर सांगितलं. कित्येक दिवसांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला. बाई हात न धुताच दाराकडे धावल्या होत्या. उंबऱ्यावर त्या थांबल्या.

“कुलूप म्हणाला तो. म्हणजे तुम्हाला आधीच ठाऊक होतं?”

‘हो’ म्हणणं नियमात बसत नव्हतं. ‘नाही’ म्हणणं खोटं होतं.

“रोज माझ्या हातचं जेवत होतात,” बाई म्हणाल्या.

त्यांच्या डोळ्यांतली किळस फादरांनी ओळखली. दर शनिवारी जाळीतून ते गोडबोल्याकडे तसंच बघायचे. बाईंनी त्याच सकाळी आईला घरी नेलं. फादरांच्या घरी मात्र त्या पुन्हा आल्या नाहीत.