डावीकडचा दूधवाला

आश्रुबांनी खुर्ची आधी पुढे ओढली, मग किंचित मागे सारली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि टेबलाला आवळून बसवलेल्या त्या खेळातल्या स्टेअरिंगवर दोन्ही हात अशा गांभीर्याने ठेवले, की जणू मागे बसभर उतारू खोळंबलेले आहेत. समोरच्या रुंद पडद्यावर लाल बस उभी होती. इंजिनाची घरघर चालू होती. परंतु बस काही हलेना.

"काका, चालवा की," दुकानदार कामरान म्हणाला. "पायाखाली रेस हाय."

"रेस दिसायलीय मला. डबल बेल कुठंय?"

"बेल?"

"कंडक्टरनं डबल बेल दिल्याबिगर गाडी हलवली न्हाई मी जलमात."

कामरानने ओठ मिटून हसू आत दाबले आणि आश्रुबांच्या सुनेकडे, दीपमालाकडे पाहिले. तिच्या हाताशी चहाचा रिकामा ग्लास होता. तिने मनगटातली बांगडी त्यावर दोनदा वाजवली. आश्रुबांनी समाधानाने मान डोलावली, आणि बस निघाली.

बीडच्या बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर कामरानचे हे संगणकाचे दुकान होते. त्याचे वडील इसाकमिस्त्री लगतच्या गल्लीत गॅरेज चालवीत, आणि आश्रुबांच्या जीपला त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता. या घरोब्यामुळेच दीपमालाच्या नवऱ्याने, परमेश्वरने, चाकणहून फोनवर सांगितले होते, की माझा जुना कॉम्प्युटर कामरानकडेच न्या; त्यात एक ग्राफिक्स कार्ड बसवले, की बाबांचा बसचा गेम अडखळणार नाही. कार्डे मात्र दोन निघाली, आणि दोहोंची किंमत जवळजवळ सारखी. एक महाग आणि एक स्वस्त असते तर प्रश्न केव्हाच सुटला असता. सारख्या मोलाच्या दोन वस्तू समोर आल्या, म्हणजे माणसाला स्वतःलाच विचारावे लागते, की आपल्याला नेमके हवे तरी काय.

"वहिनी, सोपं हाय," कामरानने मघाशीच दोन्ही खोकी तिच्यापुढे मांडून समजावले होते. "ह्या पहिल्याला पळ लई हाय. गेम कसा सरसर चालंल. पर मेमरी कमी. म्हणून आरशातलं, लांबचं चित्र जरा धूसर ठिवावं लागतंय. ह्या दुसऱ्याची मेमरी दुप्पट. पळ थोडा कमी, पर झाडाचं पान न् पान साफ."

"तुमी असता तर कोणतं घेतलं असतं?"

"मी गोळीबाराचा गेम खेळतो. मला पळ पाहिजे, न्हाईतर समोरचा आदी उडवतो. काकाला काय पाहिजे, ते काकालाच ठावं."

काकांना काय पाहिजे हे दीपमालाला पुरेपूर ठाऊक होते. त्यांना जीप पाहिजे होती. आणि दीपमालाला नेमकी तीच त्यांच्या हातातून काढून घ्यायची होती.

एसटीतून सेवानिवृत्त झाल्यावर आश्रुबांनी ती जीप घेतली आणि वस्ती ते नेकनूर, नेकनूर ते बीड अशी तिची ये-जा चालू केली. सकाळच्या फेरीला शाळेच्या मुली असत. सारे सुरळीत चालले होते. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदूचे निदान केले. समोरचे दिसते, पण कडेचे दिसणे झिजत चालले आहे, डावीकडचे तर फारच. गाडी चालवू नका, असे त्यांनी स्पष्ट बजावले. "त्या डॉक्टरला रिव्हर्स तरी येती का?" एवढेच बोलून आश्रुबा दवाखान्याबाहेर पडले होते. ते थेंब नेमाने घालीत, आणि घरात सुईत दोरा ओवायचा झाला तर तो मुद्दाम स्वतः ओवून दाखवीत. पण जीपची डावी बाजू ओरखड्यांनी भरत गेली. फाटकाचा खांब कलला. आश्रुबा म्हणत, रस्तेच अरुंद केलेत लोकांनी.

आणि मागच्या पंधरवड्यात दीपमालाने ओट्यावरून पाहिले, की जीप वळताना डावीकडे उभ्या असलेल्या एका मुलीच्या दप्तराचा पट्टा आरशात अडकून खेचला गेला. मुलगी गुडघ्यावर पडली, उठली, आणि काही झालेच नाही अशी हसत गाडीत चढली. आश्रुबांना त्यातले काहीएक कळले नाही. दीपमालाने हातातले पीठ तसेच ठेवून परमेश्वरला फोन लावला. बाप-लेकात जीपवरून दोनदा कडाक्याचे भांडण झालेले होते. तिसऱ्यांदा भांडायची परमेश्वरची छाती नव्हती. तेव्हा त्याने हा मार्ग काढला. बाबा मोबाइलवर बसचा गेम खेळतात, तोच मोठ्या पडद्यावर, खऱ्या स्टेअरिंगसह मांडून दिला, तर जीव रमेल आणि जीप आपोआप दारात उभी राहील. जे कार्ड बाबांना खुर्चीवरून उठू देणार नाही, तेच घे, असे त्याने बजावले होते.

आज बीडला जीप त्यांनीच चालवत आणली होती. दीपमाला नेहमीप्रमाणे डाव्या बाजूच्या आसनावर बसली होती आणि वाटभर बडबडत होती. मामा, केवढी बैलजोडी बगा कडंनं. मामा, ती म्हातारी नेकनूरचीच दिसती, रस्त्यावर उभी हाय बगा. मामा, सायकलवर ऊस घेऊन चाललंय कुणी. घसा कोरडा पडला तरी ती थांबली नव्हती.

आता पडद्यावर घाट लागला होता. कोण्या हौशी पोरांनी आपल्याकडचे रस्ते, आपल्याकडचे ढाबे आणि लाल बस त्या परदेशी गेममध्ये हुबेहूब उतरवली होती. हे पहिले, पळाचे कार्ड होते. बस झरझर धावत होती. आश्रुबांचा पाय हलका, हात सैल. वळण आले, की खांदा आपसूक कलत होता. घाट उतरून एका गावाच्या तोंडाशी बस आली आणि डाव्या झाडाखालून एक दूधवाला दोन्ही अंगांना कॅन लटकवलेली मोटारसायकल घेऊन रस्त्यावर आला. आश्रुबांचा पाय ब्रेककडे वळलाच नाही. धडाम असा आवाज झाला आणि कॅन गडगडत गेले.

"हात्तेच्या! चित्रच अंधुक हाय की हे," आश्रुबा उखडले. "त्यो आरसा हाय का तवा? ह्या कार्डात खोट हाय."

"खोट न्हाई काका, मेमरी कमी हाय," कामरान म्हणाला. "थांबा, दुसरं बसवतो. रस्ता तोच ठिवतो, म्हंजे तुमालाच फरक कळंल."

त्याने यंत्र बंद केले, पेटीचे झाकण उघडले आणि पहिले कार्ड अलगद उपसून बाजूला ठेवले. तेवढ्यात चहा आला.

"काका, आयटीआयला मी तुमच्याच गाडीनं यायचो," तो स्क्रू फिरवता फिरवता म्हणाला. "पासवाली पोरं दिसली की तुमी थांब्याच्या लई म्होरं नेऊन गाडी थांबवायचे. आमी दप्तर धरून पळायचो मागून."

"म्हणून तर तब्येती नीट राहिल्या तुमच्या. आता बग, ढेरी सुटली तुला."

"ही धंद्याची ढेरी हाय काका."

"कसला धंदा? दिसभर खुर्चीत बसून गोळ्या झाडायल्यास ह्यो?"

दीपमाला हसली. सासरे आज खुशीत होते, आणि त्यांची ही खुशी पाहून तिच्या मनात आशेचा अंकुर फुटला होता. असेच रमले तर किती बरे होईल, असे तिला वाटत होते.

दुसरे कार्ड बसले. पडदा उजळला आणि आश्रुबा खुर्चीत पुढे सरकले. लिंबाच्या झाडाची पाने एकेक हलत होती. समोरच्या आरशात मागचा रस्ता, त्यावरची धूळ, मागून येणारा ट्रॅक्टर असे सारे काही लख्ख होते. त्यांनी पडद्याच्या काचेला बोट लावून पाहिले.

"आरं माझ्या राजा," ते पुटपुटले. "बेल दे गं माय."

बांगडी दोनदा वाजली. बस निघाली. हिची गती थोडी संथ होती हे खरे. परंतु आश्रुबा तर मुळातच सावकाश हाकणारे. घाटाच्या प्रत्येक वळणावर ते हॉर्न देत होते. दरीकडच्या कठड्यावर बसलेल्या वानराला त्यांनी दुरूनच ओळखले आणि त्याला उद्देशून एक सणसणीत शिवीही हासडली. घाट संपला. ते गाव जवळ आले.

दीपमालाला तो दूधवाला वळणाच्या आधीच दिसला. झाडाखाली उभा होता. कॅनवर ऊन चमकत होते, त्याच्या सदऱ्याचा रंगसुद्धा सांगता आला असता. त्याने गाडी सुरू केली. तिच्या ओठांवर सवयीने "मामा, दूधवाला" हे शब्द आलेच होते. वाटभर तिने हेच तर केले होते. पण या रस्त्यावर कोणी मरणार नव्हते, आणि तिने ओठ दाताखाली धरला. तिचा उजवा पाय मात्र चपलेसकट फरशीवर गच्च दाबला गेला, जणू ब्रेक तिथेच होता.

दूधवाला निघाला. रस्त्यावर आला. आश्रुबा सरळ पुढे पाहत होते, त्यांच्या चेहऱ्यावर अजून घाटाचा आनंद होता.

पुन्हा तोच आवाज झाला.

कामरान चटकन पुढे आला. "गेममंदी असंच हाय काका. ते मदीच घुसतंय येडं. पोरांनी मॅप नीट बनवला न्हाई."

आश्रुबांनी मान डावीकडे पुरी वळवली, तेव्हा कुठे रस्त्याकडेला आडवी पडलेली मोटारसायकल त्यांना दिसली असावी. ते तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. चित्र अतिशय स्पष्ट होते.

"दीपमाला," त्यांनी विचारले, "तुला दिसला व्हता का ह्यो?"

कामरानने त्यांच्या पाठीमागून तिला मानेनेच खुणावले, नाही म्हणा. त्याची ती खूण दीपमालाला कळली, त्यातली माणुसकीही कळली. तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले.

"व्हय, मामा."

"कवा?"

"वळणाच्या आदीच. झाडाखाली उभा व्हता."

"आन पहिल्या बारीला?"

"तवाबी दिसला व्हता. जरा पुसट, पर दिसला व्हता."

आश्रुबांनी स्टेअरिंगवरचे हात काढून घेतले आणि मांडीवरची टोपी उचलून नीट घडी घातल्यासारखी दाबली.

"म्हणून वाटंनं बोलत येतीस व्हय तू," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, सून बोलकी हाय."

दीपमालाने घरून निघताना किती तरी वाक्ये मनाशी जुळवून आणली होती. डॉक्टरची, शाळेच्या मुलींची, परमेश्वरच्या काळजीची. त्यातले एकही आता लागणार नव्हते. ती उठली, सासऱ्यांच्या पुढ्यातला थंड झालेला चहा उचलून तिने बाजूला ठेवला आणि पुन्हा होती तिथेच बसली.

अखेर कामराननेच घसा साफ केला.

"काका, मंग... कार्डाचं काय करू? आज न्हाई घेतलं तरी चालतंय. घरी इचार करा."

"त्यात काय इचार करायचाय? पहिलं दे."

"पहिलं?" कामरानला वाटले, चुकून बोलले असावेत. "काका, साफ तर दुसऱ्यात दिसायलं व्हतं. सारख्याच पैशात हाय. पहिल्यात तुमाला आरसा दिसंना म्हणले तुमी."

"हां, मंग. पहिल्यात काय चुकलं तर कार्डाला चार शिव्या देता येत्यात," आश्रुबा म्हणाले. "दुसऱ्यात कुणाला देऊ? खेळायलाच न्यायचंय ना बाबा, पहिलंच घाल त्यात."

कामरानने एकदा दीपमालाकडे पाहिले. तिने होकारार्थी मान हलवली. मग तो खाली बसला, यंत्र बंद करून त्याने दुसरे कार्ड काढले आणि पहिले पुन्हा जागेवर बसवू लागला. आश्रुबा त्याच्या हातांकडे पाहत होते. अगदी सरळ समोर, जिथे त्यांना अजून सारे काही दिसत होते.

"तुझ्या अब्बाच्या गॅरेजवर डायवर लोक बसत्यात न्हवं?" त्यांनी विचारले.

"बसत्यात की. दोन-चार तर आत्ताबी असतेल. कावून?"

"जीपवर एक माणूस पाहिजे. पगारी. सकाळच्या फेरीला शाळंच्या पोरी असत्यात, ब्रेकवर पाय हलका पाहिजे. दारू पिणारा नको. आन नजर धड पाहिजे." ते जरा थांबले. "बाकी मी शिकवीन त्याला."

कामरानने झाकणाचा शेवटचा स्क्रू आवळला. "ठीक हाय काका. उद्या बोलतो अब्बाशी."

"उद्या नको," आश्रुबा म्हणाले, आणि त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "आत्ताच जाऊन इचार. जीप बाहीर उभी हाय, आन आमाला नेकनूरला जायचंय."