नाताळचा सुंठवडा

ईश्वरप्पांनी चिंध्यांचं बाळ झोळीत सरकवलं, झोळी खांद्याला अडकवली आणि चिपळ्या हातात घेतल्या. ख्रिस्ताच्या देवळाच्या तुळईला टांगलेला पाळणा झेंडूच्या माळांनी झाकून गेला होता. दरवर्षी उत्तररंगात तारणाऱ्याचा जन्म सांगून झाला की ते बाळ पाळण्यात ठेवत. मग बायका पाळणा म्हणत, गिरिजाबाई सुंठवडा वाटत, आणि तो तोंडात पडला की कीर्तन संपलं.

“गेल्या नाताळला अर्धी माणसं मधेच उठली, मास्तर,” पाळक शरच्चंद्रराव कानाशी येऊन म्हणाले. “यंदाही उठली तर पुढल्या वर्षी कीर्तन नकोच, असं पंच म्हणताहेत.”

“उठायची न्हाईत.”

“म्हणून तर मध्यंतरात चिंतामणीला बोलावलंय. एकच गाणं. तेवढाच तुम्हाला दम.”

चिंतामणी ईश्वरप्पांच्याच मांडीशी बसून झांज शिकलेला. आता सोलापुरातल्या गिरणीच्या साहेबांच्या क्लबात कॉर्नेट, म्हणजे विलायती पितळी तुतारी, वाजवायचा.

पूर्वरंगात ईश्वरप्पांनी विणकराचा दृष्टांत लावला. ताणा लावून माणूस बाण्याची वाट बघतो, तशी जगानं वाट पाहिली. आवाज दोनदा फाटला. मागच्या बाजूला दोघे पायताणं शोधू लागले. पाळकांनी घाईनं गळ्यात हार घातला आणि ईश्वरप्पा घोंगडीवर टेकले.

चिंतामणी पुढं आला. बरोबर क्लबातले दोन गोवेकर: एक ढोलवाला, एक बँजोवाला.

“मास्तर, तुमचाच पाळणा हाय. जॅझमधे बसवलाय.”

पहिली ओळ निघाली ती ईश्वरप्पांना ओळखूच आली नाही. ते जिथं विसावा घेत तिथं ती गिरकी घेई, समेच्या आधीच उडी मारी आणि मागं वळून हसे.

“अगं बया, आपला पाळणा की!” बायकांतून म्हाळसाबाई ओरडली आणि तिनं पाळण्याची दोरी धरली.

टाळ्या सुरू झाल्या. दारापर्यंत गेलेले दोघे पायताणं टाकून परत आले. “पुन्हा! पुन्हा!”

ईश्वरप्पा उठले. हात वर करून थांबा म्हणायचं, एवढंच होतं. हात वर झालाही. पण बोटांतली चिपळी त्या आडव्या ठेक्यात नेमकी वाजली. पुन्हा वाजली. चिंतामणीनं मान लववली. ईश्वरप्पा उभ्या उभ्या वाजवत राहिले.

पाळणा झाला म्हणजे जन्म झाला. गिरिजाबाईंनी परात उचलली.

चिपळी थांबली तेव्हा पुढच्या रांगा सुंठवडा चघळत उठत होत्या; उत्तररंग व्हायचाच होता.

“एक माणूस मधे उठला नाही, मास्तर!” पाळकांचा चेहरा फुलला होता. “पंच खूश. पुढल्या वर्षीचं कीर्तन पक्कं. फक्त पूर्वरंग तेवढा आटोपता घ्या.”

ईश्वरप्पांनी झोळीतलं बाळ चाचपलं. मग म्हणाले, “बरं.”

चिंतामणी पाया पडला.

“ठेका चुकला न्हाई ना?”

“न्हाई.”

“तुमी चिपळी धरलीत, तवा लई बळ आलं बगा.”

त्याच्या डोक्यावर हात ठेवायला ईश्वरप्पांना थोडा वेळ लागला.

सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. पाळणा अजून हलत होता. माळा बाजूला सारून आत कुणी पाहिलं नव्हतं. उन्हं खिडकीतून भिंतीवर चढली. गिरिजाबाई परात खरवडत आल्या आणि उरलेली चिमूट ईश्वरप्पांच्या तळहातावर ठेवली.

“तुमीच ऱ्हायलात. खा की मास्तर.”

“खाईन,” ईश्वरप्पा म्हणाले. “अजून वेळ हाय.”

गिरिजाबाई हसल्या आणि परात धुवायला गेल्या. ईश्वरप्पांनी सुंठवडा उपरण्याच्या टोकाला बांधला, गाठ नीट आवळली, आणि उपरणं झोळीत बाळाशेजारी ठेवलं.