गोळी कुणी बंद केली?

सिग्रिडला मामाच्या दवाखान्यात मीच नेलं होतं. चीनमधल्या ग्वांगझोच्या एकाच शाळेत आम्ही शिकवायचो; मी गणित, ती इंग्रजी. ती नॉर्वेची. झोप लागत नाही, पोट साफ होत नाही, ही तिची रोजची कुरकुर. म्हटलं, आमचा मामा चिनी वैद्य आहे, चल, त्याला दाखवू.

मामाने तिची जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून नाडी पाहिली. मग घाम, भूक, पाळी, शौच, सगळं खोदून खोदून विचारलं. "इतकं तर माझ्या आईनेही कधी विचारलं नाही," सिग्रिड लाजून म्हणाली.

"दुसरं औषध काही चालू आहे?" मामाने विचारलं.

"थायरॉइडची गोळी. रोज सकाळी."

"ती चालूच ठेवायची. काढा दुपारनंतर."

हे मी तिला इंग्रजीत दोनदा सांगितलं.

काढ्याने झोप लागायला लागली. मग काय विचारता! बाईंनी मातीचं भांडं आणलं, नाक न मुरडता तो कडू काढा पिऊ लागल्या, मुळं-सालींचे फोटो गावभर पाठवू लागल्या. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? आपल्या घरचं कुणाला आवडलं की सुख होतंच.

पण हिवाळ्याच्या तोंडावर तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला. वर्गात बोलता बोलता अडखळायची. आम्ही अर्ध्या बाह्यांत वावरत होतो आणि ही नॉर्वेची बाई कोटात कुडकुडत होती. मी तिला ओढतच मामाकडे नेलं.

नाडीवर बोटं ठेवताच मामाच्या कपाळाला आठी पडली. "गोळी घेतेस ना?"

सिग्रिड हसली. शाबासकी मिळणार अशा खात्रीने म्हणाली, "गोळ्या कधीच फेकून दिल्या! मला आता रसायनं नकोत. तुमच्या हजारो वर्षांच्या ज्ञानावर माझा विश्वास आहे."

मी ते मामाला सांगितलं. मामा खुर्चीतून उठलाच.

"कुणी सांगितलं फेकायला? मी? वान्यी, विचार तिला, मी सांगितलं होतं?" त्याने खण ओढून गोळ्यांचं पाकीट तिच्यासमोर टाकलं. "ही माझी रक्तदाबाची गोळी. रोज घेतो. काढाही घेतो. गोळी आणि काढा काय सवती आहेत एकमेकांच्या?"

सिग्रिड पाकिटाकडे बघतच राहिली. "तुम्हीसुद्धा? मला वाटलं, तुम्ही अस्सल आहात."

त्या शब्दाने माझं डोकं फिरलं.

"अस्सल म्हणजे काय गं? आम्ही काय काचेच्या कपाटात ठेवायच्या मूर्ती आहोत? मामा पाच वर्षं कॉलेजात शिकलाय, रक्ताचे रिपोर्ट वाचतो. त्याने सांगितलेलं ऐकलं नाहीस आणि म्हणे विश्वास! कशावर विश्वास? दाढीवर? त्याला तर दाढीसुद्धा नाही!"

बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, "पोरी, जरा दमाने. तुझीच नाडी बघायला लागेल."

मामाने दवाखान्याला कुलूप घातलं आणि टॅक्सीने आम्हाला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने तपासलं, गोळ्या बंद झाल्याचं ऐकलं, मग मामाच्या हातातली काढ्याची चिठ्ठी पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तुम्ही लोक गोळ्या बंद करायला लावता आणि निस्तरायचं आम्ही."

"आधी तिला बघा," मामा एवढंच म्हणाला.

"मामाने नाही लावल्या बंद करायला!" मी ओरडले. डॉक्टरने मान हलवली, नातेवाईक असंच बोलणार अशी. मी सिग्रिडला त्याचं वाक्य शब्दन् शब्द सांगितलं. "आता तू सांग. तुला दोन वाक्यं येतात आमच्या भाषेत. एवढंच म्हण, मी बंद केली."

ती खाली बघत राहिली. दमली होती, हे मला दिसत होतं. तरी एवढं म्हणता आलं असतं.

गोळी पुन्हा सुरू झाली, हळूहळू ती सुधारली. एक दिवस मामाकडे संत्री घेऊन गेली. मामाने ती ठेवून घेतली आणि तिला चहा दिला. मामाचं असंच आहे, राग आला तसा जातो.

माझा जात नाही. शिक्षकांच्या खोलीत तिने मला सॉरी म्हटलं, तेव्हा मी म्हणाले, "मला नको. इस्पितळात जा आणि त्या डॉक्टरला सांग."

"तो आता मला ओळखणारही नाही, वान्यी."

"मग ओळख करून दे."

अजून ती गेलेली नाही. डबा खायला मी दुसऱ्या टेबलावर बसते.